भाकरी, धुणे, जागरण : ख्रिस्ती आईने रोजच्या कामाला प्रार्थना कशी जोडावी

महिला मंडळाच्या सभेत हा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेले असते: पहाटे लवकर उठा, एकांत साधा. मग तान्ह्या बाळाची आई, दोन डबे भरणारी आई, सकाळची लोकल गाठणारी आई, सगळ्याजणी गजर लावतात. थोड्याच दिवसांत गजर बंद होतो, बायबल उशाशी तसेच राहते आणि मनावर अपराधीपणाचे ओझे मात्र वाढते. ज्यांना पहाटेचा एकांत जमतो त्यांनी तो जरूर ठेवावा. हा लेख इतरजणींसाठी आहे.

इथे दिवसात एकही नवे काम वाढवायचे नाही. जे काम हातून होतच आहे, त्यातच देवाशी बोलणे बसवायचे आहे. मात्र क्रम पाळावा लागतो, कारण बहुतेकींचे बिघडते ते क्रमातच. वचन आधी निवडले जाते आणि काम मागून शोधले जाते. आई स्वतः स्थिरावण्याआधी मुलांना प्रार्थनेला बसवले जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे थकवा जागच्या जागी ठेवून त्यावर भक्तीचा थर दिला जातो.

तुम्ही प्रॉटेस्टंट मंडळीच्या असा की कॅथलिक धर्मग्रामाच्या, पद्धत एकच आहे. जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

## पूर्वतयारी : झोप आणि वाटणी

१ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. तिथे देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो. एलीया खातो, झोपतो, पुन्हा उठवला जातो, पुन्हा खातो. मग होरेब डोंगरापर्यंतची वाट चालतो, आणि 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न त्यानंतर येतो. आपल्याकडे थकलेल्या बाईला हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो.

म्हणून सुरुवात दोन गोष्टींनी करा.

पहिली, झोप. बाळ वर्षाच्या आतले असेल आणि रोज रात्री उठवत असेल, तर पुढचे सगळे टप्पे सध्या सोडा. जागरणाचे वचन तेवढे घ्या, ते टप्पा २ मध्ये दिले आहे. दुपारी बाळ झोपले की तुम्हीही झोपा. स्तोत्र १२७ मध्ये झोपेला परमेश्वराची देणगीच म्हटले आहे. ती घेण्यात आळस नाही.

दुसरी, वाटणी. नवऱ्याबरोबर, आणि सासू-सासरे घरात असतील तर त्यांच्याही कानावर घालून, कोणते काम कोणाचे हे बोला. 'मी मदत करीन' हे उत्तर घेऊ नका, त्याचे पुढे काही होत नाही. 'रात्रीची भांडी माझी' हे उत्तर चालेल. योहान १३ मध्ये प्रभूने पाय धुतले ते शिष्यांचे, आणि एकमेकांचे पाय धुण्याची आज्ञाही त्या पुरुषांनाच दिली. आपल्या घरांत हा अध्याय पुण्यगुरुवारी ऐकला जातो आणि मोरीपर्यंत पोचत नाही.

तपासा: घरातले निदान एक रोजचे काम पूर्णपणे दुसऱ्याच्या नावावर गेले का? न सांगता ते होते का? नसेल तर इथेच थांबा आणि आधी ते करून घ्या.

## टप्पा १ : कामांची यादी, जशी आहे तशी

एका साध्या दिवशी (रविवार नको, सण नको) सकाळपासून जे जे काम होईल ते कागदावर टिपत जा. मोठी-छोटी असा भेद नको. 'स्वयंपाक' असे एका शब्दात लिहू नका. कणीक मळणे, भाजी निवडणे, कुकर लावणे, डबे भरणे, ओटा पुसणे अशी फोड करा. प्रार्थना जोडायची ती या छोट्या कामाला.

मग यादीतली कामे तीन गटांत पाडा.

*हात गुंतलेले, मन मोकळे.* कणीक मळणे, भाकरी थापणे, लसूण सोलणे, भांडी घासणे, कपडे वाळत घालणे, घड्या करणे, झाडणे, पाळणा हलवणे, अंगावर पाजणे, शाळेच्या फाटकाशी उभे राहणे.

*मन गुंतलेले.* मुलांचा अभ्यास, महिन्याचा हिशेब, ऑफिसचे काम, सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा.

*जपून करायची.* तळण, बाळाची अंघोळ, स्कूटर चालवणे, रस्ता ओलांडणे.

वचन जोडायचे ते फक्त पहिल्या गटातल्या कामाला. दुसऱ्या गटात फारतर कामाआधी एक श्वासभर थांबता येईल. तिसऱ्या गटात लक्ष कढईकडे आणि बाळाकडेच हवे, तीच त्या वेळची सेवा.

सावधान: यादी करताना 'एवढे सगळे करते तरी कोणाला दिसत नाही' असे वाटून डोळे भरून येतील. येऊ द्या. यादी नवऱ्याला दाखवावीशी वाटली तर दाखवा. पण वाद घालायला तिचा उपयोग केलात तर ती परत प्रार्थनेच्या कामी येणार नाही.

## टप्पा २ : एक काम, एक वचन

पहिल्या गटातून एकच काम निवडा. जे रोज होते आणि साधारण एकाच वेळी होते, असे. आवडते काम निवडण्याची गरज नाही. उलट कंटाळ्याचे काम अधिक चांगले टिकते, कारण तिथे मन रिकामे असते आणि बहुधा कुरकुरत असते.

आता त्या कामाला वचन शोधा, आणि इथे नियम एकच: वचनातले काम आणि हातातले काम जुळले पाहिजे. 'मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो' हे वचन पौलाने कैदेत, भूक आणि भरपूर दोन्ही भोगून लिहिले. ते फ्रिजवर लावून रोज जास्त काम उपसणे हा त्याचा अर्थ नव्हे. जे वचन तुम्हाला आणखी राबवते ते सध्या बाजूला ठेवा.

जुळणाऱ्या काही जोड्या देते. शब्द तुमच्या घरातल्या बायबलमधून घ्या.

कणीक, भाकरी. प्रभूच्या प्रार्थनेतली 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' ही मागणी. इथे हाताला आणि तोंडाला एकच वस्तू मिळते, त्यामुळे नवखीने इथूनच सुरुवात करावी. मागणीत 'आज' आहे, उद्याचा डबा नाही. आणि 'आम्हाला' आहे, म्हणून पहिली भाकरी तव्यावर टाकताना घराबाहेरच्या एका नावाचीही आठवण करा.

झाडणे, हरवलेली वस्तू शोधणे. लूक १५:८. दहापैकी एक नाणे हरवलेली बाई दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत शोधते. हरवलेले मेंढरू आणि हरवलेला मुलगा या दोन दाखल्यांच्या मधोमध प्रभूने ही केरसुणी ठेवली आहे. देव हरवलेल्याला कसा शोधतो हे सांगताना त्याला घर झाडणारी बाई पुरली. ज्या मुलाची काळजी वाटते त्याचे नाव या कामात घ्या.

गणवेश, बटण, घड्या. उत्पत्ती ३:२१. आदाम-हव्वेला बागेबाहेर पाठवण्याआधी परमेश्वर देवाने त्यांना वस्त्रे करून घातली. चुकलेल्या लेकरांनाही उघडे पाठवले नाही. मूल हॉस्टेलला किंवा बोर्डिंगात असेल तर १ शमुवेल २:१९ घ्या. हन्ना दरवर्षी मंदिरात सेवेला ठेवलेल्या शमुवेलासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. मूल हाताशी नसतानाही त्याचे माप डोळ्यांपुढे ठेवावे लागते, हे त्या आईला ठाऊक होते.

घास भरवणे, चालायला शिकवणे. होशेय ११:३-४. देव स्वतःविषयीच बोलतो आहे: मी त्यांना चालायला शिकवले, हातांवर घेतले, वाकून खाऊ घातले. दीड वर्षाच्या मुलामागे वाटी घेऊन फिरणाऱ्या आईला यापेक्षा जवळचे वचन मिळणार नाही.

मुलांना शाळेत सोडणे. स्तोत्र १२१:८, जाण्या-येण्याचे रक्षण. रिक्षा वळेपर्यंत तेवढेच म्हणा.

धुणे. स्तोत्र ५१:७, मला धू म्हणजे मी बर्फाहून शुभ्र होईन. मशीनमध्ये कपडे टाकताना नको, वाळत घालताना म्हणा. टाकताना घाई असते.

जागरण. स्तोत्र १२१:४. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही. रात्री अडीचला एवढेच पुरे. तो जागा आहे म्हणून बाळ निजताच तुम्ही झोपू शकता. दूध पाजताना मोबाइलवर बायबलचे अॅप उघडू नका. एका सूचनेतून दुसरीत जाताना झोप उडते.

आजाऱ्याची शुश्रूषा. मार्क १:३०-३१, पेत्राच्या घरी तापाने पडलेली त्याची सासू. प्रभूने तिचा हात धरून तिला उठवले. कपाळावर हात ठेवताना हे पुरते. औषध आणि डॉक्टर यांच्या जागी मात्र वचन ठेवायचे नाही.

कॅथलिक घरात वचनाऐवजी जपमाळेचे दहा मणी एखाद्या कामाला बांधता येतात. बोटे ओली असतील तर मणी हातात नकोत, घासलेल्या भांड्यांवर मोजा. जिथे देवळाची आंजेलुस या प्रार्थनेची घंटा ऐकू येते तिथे दुपारी बाराची खूण आयतीच मिळते.

हे वचन पहिल्यांदा घेऊ नका: नीतिसूत्रे ३१ मधली सद्गुणी स्त्री. मातृदिनी तिच्यावर उपदेश होतो आणि ऐकणारी प्रत्येक आई मनात स्वतःचे गुण कापत जाते. ते २२ वचनांचे काव्य आहे, हिब्रू वर्णमालेच्या एकेका अक्षराने सुरू होणारे स्तुतिगान. कोणाही बाईच्या एका दिवसाची ती दिनचर्या नव्हे. शिवाय १५व्या वचनात तिच्या घरच्या दासींचा उल्लेख आहे. आपल्याकडे धुण्याभांड्याला बाई येणार नाही असा निरोप आला, तर तो दिवस त्या काव्यात नाही.

तपासा: वचन एका श्वासात म्हणता येते का? येत नसेल तर त्यातला एकच तुकडा ठेवा. पुस्तकात न पाहता येते का? येत नसेल तर अजून काम जोडू नका, दोन दिवस फक्त पाठ करा.

## टप्पा ३ : खूण, श्वास, वचन, नाव

आता प्रत्यक्ष कृती. ती चार पायऱ्यांची आहे आणि क्रम बदलू नये.

१. खूण. काम सुरू होताना हाताला लागणारी एक वस्तू ठरवा: परात, केरसुणी, चिमट्यांची डबी, बसस्टॉपचा खांब. मोबाइलचा गजर ही खूण नव्हे. गजर कामाच्या मधेच वाजतो आणि चिडचिड वाढवतो. वचन कागदावर लिहून त्या वस्तूजवळ लावायचे असेल तर लावा, पण वाफेने भिजणार नाही असे.

२. श्वास. वस्तूला हात लागला की एक श्वास थांबा. डोळे मिटायचे नाहीत, हात जोडायचे नाहीत.

३. वचन. एकदा म्हणा, मनात किंवा पुटपुटत. मग काम सुरू करा. काम चालू असताना आठवले तर पुन्हा म्हणा, न आठवले तर राहू द्या. पौल १ थेस्सलनीकाकरांस पत्रात 'निरंतर प्रार्थना करा' म्हणतो ते वाचून काहीजणी दर मिनिटाला मनाला टोचत राहतात. त्याने भक्ती वाढत नाही, डोके दुखते.

४. नाव. काम संपताना एका माणसाचे नाव घ्या. एकच. घरातल्यांची यादी नको.

सगळे मिळून एक मिनिटही जात नाही. हे फारच थोडे वाटेल आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणखी दोन कामे जोडण्याचा मोह होईल. जोडू नका. एकाच कामावर महिनाभर राहा.

नेहमीच्या चुका. पहिली, प्रार्थनेला काही 'वाटण्याची' वाट पाहणे. बहुतेक दिवशी काहीच वाटत नाही आणि तेही चालते. दुसरी, राहून गेलेले दिवस मोजणे आणि दुप्पट भरून काढणे. कालचे काल गेले. तिसरी, प्रभूच्या पाहुणचारात गुंतलेल्या मार्थेवरून स्वतःला बोल लावणे. लूक १० मध्ये प्रभूने तिला टोकले ते पुष्कळ गोष्टींची चिंता-दगदग करण्याबद्दल, स्वयंपाकाबद्दल नव्हे. योहान ११ मध्ये 'तू ख्रिस्त आहेस' असा विश्वास तीच बोलून दाखवते, आणि योहान १२:२ मध्ये ती पुन्हा पंगतीला वाढतेच आहे, तिथे तिला कोणी थांबवत नाही.

## टप्पा ४ : मुलांना सामील करणे

तुमचे स्वतःचे एक काम स्थिरावल्यावरच इथे या. अनुवाद ६ मध्येही तोच क्रम आहे: या गोष्टी आधी तुझ्या हृदयात असोत, मग मुलांच्या मनावर बिंबव. कधी, तेही तिथेच आहे: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. चारही वेळा घरात आयत्या आहेत. यातली एक निवडा. बहुतेक घरांत निजण्याची वेळ सोपी जाते.

लहान मुलांबरोबर तीनच वाक्ये पुरतात: आज काय आवडले, कशाची भीती वाटली, उद्या कोणासाठी मागायचे. उत्तर आले नाही तर ओढून काढू नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एखादे गीत येत असेल तर एक कडवे म्हणा आणि दिवा घालवा. संपूर्ण कौटुंबिक प्रार्थना झोपाळलेल्या मुलावर लादली की त्याला प्रार्थनेचा तिटकारा बसतो.

मोठ्या मुलांसाठी वेगळी युक्ती आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुझाना वेस्ली या पाळकाच्या पत्नीने प्रत्येक मुलाला आठवड्यातली एक संध्याकाळ वाटून दिली होती. गुरुवार जॉनचा होता, तोच पुढे मेथडिस्ट चळवळीचा जॉन वेस्ली. संध्याकाळ नाही तर पाव तास द्या, पण तो एकट्या मुलाचा असू द्या. त्या वेळात अभ्यास, गुण आणि मोबाइल हे तीन विषय काढायचे नाहीत.

सावधान: 'असे केलेस तर येशू रागावेल' हे वाक्य घरातून काढून टाका. भाजी संपवून घेण्यासाठी प्रभूचे नाव वापरले की मूल भाजीवरचा राग प्रभूवर काढते. तसेच मुलाची चूक सगळ्यांदेखत प्रार्थनेत बोलून दाखवू नका. ती प्रार्थना नसते, डोळे मिटून केलेली कानउघाडणी असते.

## टप्पा ५ : आवाज चढल्यावर

हा टप्पा सहसा कोणी सांगत नाही, आणि गरज मात्र रोज लागते. सकाळी वचन म्हटले आणि साडेसातला बूट सापडेना म्हणून मुलावर ओरडलात. आता काय?

आधी शांत व्हा. दुसऱ्या खोलीत जा, पाणी प्या. मुलाकडे परत येताना त्याच्या उंचीला बसा. काय केले ते नेमके सांगा: 'मी मोठ्याने ओरडले आणि तुला बावळट म्हटले. ते चुकले. मला क्षमा कर.' इथे पूर्णविराम. 'पण तूही...' जोडलेत तर सगळे वाया जाते. बूट जागेवर ठेवण्याबद्दल संध्याकाळी बोला.

त्यानंतर देवाची क्षमा मागा. क्रम उलटा वाटेल, पण मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. आपले लेकरू त्या 'भावा'त येते.

## टप्पा ६ : रात्रीची उजळणी

जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नाती लोयोला याने शिकवलेली दिवसाची उजळणी पाच पायऱ्यांची आहे. थकलेल्या आईने तीन घ्याव्यात, त्याही अंथरुणावर पडून.

आज कशाबद्दल आभार? मोठी गोष्ट शोधू नका. नळाला वेळेवर पाणी आले हे चालेल. आज कुठे चुकले? एकच प्रसंग. उद्याच्या कोणत्या कामाची धास्ती आहे? ते काम नाव घेऊन देवाच्या हाती द्या.

मधेच झोप लागली तर लागू द्या. स्तोत्र १३१ मध्ये दूध तुटलेले बालक आईजवळ स्वस्थ पडते तसा माझा जीव आहे, असे म्हटले आहे. त्या ओळीत आईही लेकरूच होते.

## रविवारचा पेच

विश्रांतीचा दिवस, आणि आईला सगळ्यात जास्त काम त्याच दिवशी. पोरांचे कपडे, उपासना किंवा मिस्सा, संडे स्कूल, मग मटण आणि पाहुणे. यावर प्रार्थनेचा इलाज नाही, शनिवारी करायच्या कामांचा आहे. कपडे, बूट आणि दानाचे पैसे शनिवारी रात्री काढून ठेवा. मसाला वाटून ठेवा. पाहुण्यांना महिन्यातून एखादाच रविवार द्या. बाकीच्या रविवारी खिचडी चालते, मंडळीतल्या कोणाला काही वाटले तर वाटू दे.

लहान मूल चर्चमध्ये चुळबुळ करणारच. पुढच्या बाकावर बसवा, म्हणजे त्याला काही दिसेल. बाहेर न्यावे लागले तर नवरा-बायकोने आळीपाळीने न्या, दर रविवारी आईनेच व्हरांड्यात उभे राहायचे असे नको. उपदेश बुडाला तर प्रभुभोजनाला किंवा कम्युनियनला तरी आत या.

## ही पद्धत कुठे वापरू नये

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे, मन हळवे होणे नेहमीचे आहे. पण उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, झोप पूर्ण उडाली किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर डॉक्टरकडे जा. इजेचे विचार असतील तर दोन आठवड्यांची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा आणि एकटे राहू नका. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. 'विश्वास कमी पडला' असे म्हणणाऱ्या नातेवाइकांशी वाद घालत बसू नका, आधी उपचार घ्या.

घरात मारहाण होत असेल तर 'आपला वधस्तंभ उचला' हे वचन तुमच्यावर लादू देऊ नका. प्रभूने तो स्वतःहून उचलला, दुसऱ्याच्या हातचा मार कोणावर लादण्यासाठी नव्हे. तातडीच्या वेळी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. पाळकांना किंवा फादरांना सांगायचे असेल तर एखादी विश्वासू बाई सोबत न्या, आणि त्यांनी निव्वळ 'सहन कर' म्हटले तर दुसरीकडे मदत मागा.

## महिन्यानंतर

पहिले वचन तोंडात इतके बसेल की म्हटले की नाही हेही आठवणार नाही. तेव्हा दुसरे काम घ्या, पहिले सोडू नका. तीनच्या वर मात्र जाऊ नका. ईस्टरआधीच्या उपवासकाळात किंवा मे महिन्याच्या सुट्टीत दिवसाचा क्रम बदलतो. तेव्हा खुणा नव्याने ठरवा, वचने तीच ठेवली तरी चालतात. आजारपण, बदली, घरातला मृत्यू यांनी सगळे मोडले तर मागचे हिशेब करत न बसता एका कामाने, पुन्हा भाकरीपासून, सुरू करा. आणि भाकरी करणे आता सुनेकडे किंवा नवऱ्याकडे गेले असेल, तर ते वचन त्यांना सांगून टाका आणि स्वतःसाठी दुसरे काम शोधा.